अप्पांना फूल नको असतं

गुलाब बघायला माणसं फुलल्यावर जातात. अप्पा फूल गळल्यावर येतात.

तुमच्या कुंपणावरचा गुलाब भरात असेल तर रस्त्याने जाताना ते नुसती मान डोलावतील, थांबणार नाहीत. खरी विचारपूस आठवडाभराने. पाकळ्या झडून देठाच्या टोकाला हिरवी गोटी तेवढी उरली, की संध्याकाळी फाटकाची कडी वाजते. ‘काय, पडलं का?’ चेहरा इतका प्रसन्न, की आपल्याकडे काही शुभकार्य निघालंय असं वाटावं. मग चष्मा कपाळावर चढवून ते गळलेल्या फुलाखालची फांदी हातात धरतात आणि एक काटा अंगठ्याने आडवा लोटतात. काटा टचकन निघाला की परीक्षा संपली. फांदी कोवळीही नाही आणि जूनही नाही, हे काटा सांगतो. कोवळी असली तर कुजते, जून असली तर महिनोन्‌महिने ढिम्म बसते. फूल येऊन गेलेली ही मधली फांदी म्हणजे, अप्पांच्या शब्दांत, ‘संसाराला लागायला तयार’.

गाव नाशिक. मोगली अंमलात याचं नाव गुलशनाबाद होतं, हे अप्पा पाहुण्याच्या हातात पाण्याचा तांब्या देतानाच सांगून टाकतात. स्वतः नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. प्रेस म्हणजे वर्तमानपत्राची नव्हे, नोटा छापतात ती. एक नोट दुसरीसारखी तंतोतंत हवी आणि तरी प्रत्येकीचा नंबर वेगळा हवा, हे बघण्यात माणसाची हयात गेली. निवृत्तीनंतर त्यांच्या हाती गुलाबाची फांदी आली आणि त्यांना घरी आल्यासारखं वाटलं. बी पेरलं तर काय उगवेल याचा भरवसा नाही. फाटे कलम मात्र आईची हुबेहूब प्रत. म्हणून त्यांच्या बाल्कनीत प्रत्येक कुंडीत आइस्क्रीमची काडी आणि तिच्यावर नंबर, तोही शिसपेन्सिलने, कारण शाई उन्हात उडते आणि शिसं टिकतं. ‘देव/१७/ब’ म्हणजे देवळालीतल्या सतराव्या झाडाची दुसरी फांदी. एखादी मेली तरी तिचा नंबर पुन्हा कोणाला मिळत नाही. बाद नोटेचाही हिशेब लागतो.

अप्पांच्या उजव्या खिशात सिकेटर असतं आणि डाव्या खिशात ओला करून पिळलेला कालचा पेपर, दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला. लग्न असो, मुंज असो, दवाखाना असो, दोन्ही खिसे भरलेले. तरी ते चोर नाहीत, हे स्पष्ट केलं पाहिजे. गळ्यात तुळशीची माळ आहे. विचारल्याशिवाय पानाला हात लावणार नाहीत. फक्त विचारण्याची पद्धत अशी, की समोरच्याला आपणच उपकृत झाल्यासारखं वाटतं. ‘झाड फार माजलंय हो तुमचं. जरा छाटून देऊ का?’ अर्ध्या तासाने झाड सुटसुटीत होतं, तुम्ही त्यांना चहा पाजता, वर ‘पुन्हा या’ म्हणता, आणि ते वीतभर लांबीच्या बारा काड्या घेऊन स्कूटरला किक मारतात.

देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यातल्या आजी गेल्या, तेव्हाचा प्रसंग सांगतो. आम्ही बसायला गेलो होतो. सतरंजी, फोटोला हार, कोपऱ्यात समई. सगळे खाली मान घालून बसलेले. अप्पांची मान मात्र खिडकीकडे. खिडकीबाहेर गुलाबी गुलाबाचं एक पुरुषभर उंच झुडूप, पाऊस नुकताच ओसरलेला, फुलं झडून गेलेली. अप्पांच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं आणि ते त्यांनी बोलू नये म्हणून मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात त्यांनी प्रेमाने बाजूला केला.

‘फार वाईट झालं,’ अप्पा थोरल्या मुलाला म्हणाले.

‘हो ना. वय झालं होतं, पण तरी...’

‘बाहेरचा गुलाब त्यांच्याच हातचा का?’

‘त्यांच्या सासूबाईंनी लावलेला. आई रोज पाणी घालायची.’ मुलाचा आवाज दाटला.

‘सासूबाईंनी? म्हणजे कलम केलेला नसणार,’ अप्पांचाही आवाज दाटला. ‘स्वतःच्या मुळावर आहे!’

बंगला पुढे विकला गेला, झुडपाच्या जागी गाड्या उभ्या राहू लागल्या. आजींचा मुलगा गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहायला गेला. वर्ष उलटल्यावर अप्पा तिथे हातात कुंडी घेऊन हजर. ‘देव/२३/अ. तुमच्या आजीचा आहे.’ सूनबाई कुंडी पोटाशी धरून रडायलाच लागली. अप्पांना असले प्रसंग झेपत नाहीत. ‘पाणी कमी, पाणी कमी,’ ते घाईघाईने म्हणाले, ‘कुंडीला म्हणतोय मी.’

अप्पांच्या लेखी गुलाबाचा इतिहास १८६७ साली संपतो. त्या वर्षी फ्रान्समध्ये गीयो नावाच्या रोपवाटिकावाल्याने ‘ला फ्रान्स’ आणला. तो पहिला हायब्रिड टी मानतात, आणि त्या सालाच्या आधीपासून चालत आलेले जे वर्ग, ते ‘जुने गुलाब’. दीडशेहून जास्त वर्षं झाली, पण अप्पा अजून हायब्रिड टीला ‘हल्लीची पोरं’ म्हणतात. रंग भडक, दांडा लांब, वास बेताचा आणि दुसऱ्याच्या पायावर उभी. यातला शेवटचा आरोप अगदी शब्दशः खरा आहे. नर्सरीतला गुलाब म्हणजे खाली एका जातीचा खुंट आणि त्यावर भरलेला दुसऱ्याच जातीचा डोळा. आणि आपल्या देशात खुंट म्हणून ज्यांना राबवलं, त्यांत अप्पांचा लाडका एडवर्ड.

एडवर्डचं कूळ ते स्थळ सांगायला आल्यासारखे सांगतात. हिंदी महासागरातलं रीयुनियन बेट, तेव्हाचं नाव बूर्बाँ. तिथे शेतांच्या कुंपणाला चिनी गुलाब आणि दमास्क गुलाब शेजारी शेजारी लावायचे. कुंपणावर त्यांचं जमलं. १८१७ च्या सुमारास एका फ्रेंच वनस्पतीतज्ज्ञाच्या नजरेला ते वेगळं झाड पडलं, त्याने बी पॅरिसला पाठवलं आणि बूर्बाँ गुलाबांचं घराणं सुरू झालं. तिथला ‘एदुआर’ आपल्याकडे येऊन एडवर्ड झाला आणि त्याचा गुलकंदही होऊ लागला. (कुंपणावर जमलेलं हे एकच लग्न अप्पांना मान्य आहे. धाकट्या मुलीच्या वेळी महिनाभर तोंड फिरवून बसले होते.) अशा खानदानी गुलाबाचं मुंडकं छाटून त्यावर हल्लीचं पोर बसवतात, याचा त्यांना मनस्वी संताप येतो. ‘घर याचं, कष्ट याचे, आणि पाटी भाडेकरूची!’

म्हणून कोणाचा नर्सरीतला गुलाब मेला की अप्पा आधी सांत्वन करतात आणि मग बुंध्याशी वाकून बघतात. वरचा भाडेकरू गेला असला तरी जोडाच्या खालून मूळ मालकाचा धुमारा फुटलेला असतो. लोक तो ‘जंगली’ म्हणून उपटून टाकतात. अप्पा तो घरी आणतात. घंटागाडीवाल्या पोराला त्यांनी सांगून ठेवलंय, की गुलाबाचं लाकूड दिसलं तर आधी तिसऱ्या मजल्यावर हाक मारायची.

आता मुख्य विषय, म्हणजे काडीला मुळं फुटायचं औषध.

सुरुवातीला अप्पा टाल्कम पावडरसारखी दिसणारी डबीतली पावडर वापरायचे. तिच्यात आयबीए नावाचं संजीवक असतं, पुरं नाव इंडोल ब्युटिरिक ॲसिड. द्राक्षाच्या नाशकात या गोष्टींचं नवल कोणाला नाही. इथे द्राक्षाला लागणारे डॉगरिज जातीचे खुंट काडीपासूनच वाढवतात, पीपीएम हा शब्द शाळकरी पोरालाही ठाऊक असतो आणि कृषी सेवा केंद्रात जीएची, म्हणजे जिबरेलिक ॲसिडची, पुडी साबणासारखी मागतात. अप्पा पहिल्यांदा दुकानात गेले तेव्हा काउंटरवरच्या पोराने विचारलं, ‘किती एकरांचा प्लॉट आहे?’ ‘बाल्कनी आहे,’ अप्पा म्हणाले. पोराने त्यांना बसायला स्टूल दिलं.

पावडरीचा विधी जेवणाच्या टेबलावर चालतो. काडी पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा काप डोळ्याच्या किंचित वर आणि सरळ, म्हणजे वरचं टोक कुठलं हे नंतर कोणी विचारायला नको. खालची पानं काढायची, वर दोन ठेवायची. बुडाशी सालीचा नखाएवढा पापुद्रा सोलायचा. मग पावडर. तीही डबीत काडी बुडवून नव्हे. चिमूटभर कागदावर काढायची, त्यात बूड टेकवायचं, बोटाने टिचकी मारून जास्तीची झाडायची आणि कागदावर उरलेली फेकून द्यायची, परत डबीत नाही. डबीला ओल लागली की संपलं. कुंडीत आधी पेन्सिलीने भोक पाडायचं, मगच काडी सोडायची, नाहीतर सगळी पावडर वरच पुसून निघते. हे सगळं ते एकही शब्द न बोलता करतात. काकूंनी मध्येच ‘वरण थंड होतंय’ म्हटलं तर डावा हात वर होतो.

या संजीवकांच्या कुळाची जी कथा आहे ती मात्र सांगायला घरात बंदी आहे. १९३४ साली हॉलंडमधल्या युट्रेख्टला कोग्ल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मुळं फोडणारं ऑक्सिन वेगळं काढलं ते माणसाच्या लघवीतून. अप्पा हे पाहुण्यांना नेमकं चहाच्या वेळी सांगायचे आणि वर ‘विचार करा, किती वाया घालवतो आपण!’ अशी पुस्ती जोडायचे. काकूंनी निर्वाणीचं सांगितल्यावर आता ते कथा पुढच्या वर्षापासून सुरू करतात. १९३५ साली अमेरिकेत झिमरमन आणि विलकॉक्सन यांनी आयबीएने मुळं फुटतात हे दाखवलं. तिथून पुढे ऐकायला हरकत नाही.

पावडरीने समाधान होईना तेव्हा अप्पांनी शुद्ध आयबीएची कुपी मिळवली. साखरेसारखे पांढरे कण. लिटरला एक ग्रॅम म्हणजे हजार पीपीएम. अप्पांना हवं होतं दोन हजार, तेही शंभर मिलीच. सराफ बाजारातल्या ओळखीच्या दुकानात सोन्याच्या काट्यावर दोनशे मिलिग्राम तोलून आणले. पण ते पाण्यात विरघळेनात. खाली बसले ते बसलेच. भाच्याची निफाडला बाग आहे, त्याने फोनवर सांगितलं, ‘मामा, पाण्यात नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. वास नको असेल तर सरळ व्होडका आणा.’

ज्या जिल्ह्यात द्राक्षापेक्षा वाइनचं नाव जास्त झालंय, तिथे अप्पांनी उभ्या आयुष्यात दारूच्या दुकानाची पायरी चढली नव्हती. त्या दिवशी टोपी घालून, माळ सदऱ्याच्या आत सारून गेले. ‘कोणती देऊ?’ ‘जिच्यात फक्त अल्कोहोल आणि पाणी असेल ती.’ दुकानदाराने त्यांच्याकडे आदराने पाहिलं. क्वार्टर पेपरात गुंडाळून ते बाहेर पडतात तो समोर त्यांच्या दिंडीचे विणेकरी. दरवर्षी पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दोघं बरोबर त्र्यंबकेश्वरला चालत जातात. अप्पांनी कधी खोटं सांगितलेलं नाही. ‘मुळांसाठी आहे,’ ते म्हणाले. विणेकऱ्यांना मूळव्याधीसाठी ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी घरी सुरण आला आणि सोबत एका वैद्यांचा पत्ता.

तेव्हापासून ती बाटली फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्यामागे असते. ‘विष’ असं काकूंनी लाल अक्षरात लिहिलंय, कारण जावयाने एकदा ती उजेडात धरून बघितली होती. काडी तिच्यातल्या द्रावात पाच सेकंद बुडवायची असते. अप्पा घड्याळ लावत नाहीत. पाच वेळा ‘रामकृष्णहरी’ म्हणतात आणि काढतात. मी एकदा मोबाइलवर लावून पाहिलं, बरोबर पाच सेकंद.

घरगुती उपायवाल्यांशी त्यांचं वैर आहे. मध लावा, दालचिनी लावा, कोरफडीत खोचा, शहाळ्याचं पाणी घाला, नदीकाठच्या वाळुंजाच्या काड्या भिजवून ते पाणी द्या, ॲस्पिरिन विरघळवा, बटाट्यात खुपसून लावा. प्रत्येक सोसायटीत असा एक सल्लागार असतो, आमच्याकडे चार आहेत. एका पावसाळ्यात अप्पांनी सगळ्यांची एकदाच परीक्षा घेतली. ओळीने कुंड्या, एकाच झाडाच्या काड्या, प्रत्येकीला वेगळा उपाय, एका कुंडीला आयबीए, आणि शेवटच्या कुंडीला काहीच नाही. तिच्यावर लिहिलं, ‘कोरी’. एक रांग गावठी गुलाबाची, एक एडवर्डची, एक पिवळ्या हायब्रिड टीची.

निकाल वाईट लागला. गावठी आणि एडवर्ड सगळीकडे लागले. मधात, दालचिनीत, आयबीएत आणि कोरीतसुद्धा. पिवळा सगळीकडे मेला. बटाट्यात खोचलेल्या काडीशेजारी बटाट्याचाच कोंब जोमाने वाढला आणि पुढे काकूंनी त्याला लागलेल्या बटाट्यांच्या काचऱ्या केल्या. चारही सल्लागार आपापला उपाय सिद्ध झाला म्हणून पेढे मागू लागले. खरं म्हणजे या प्रयोगात शहाणपणा एकाच कुंडीने दाखवला होता. जे जुने गुलाब शंभर-दोनशे वर्षं आज्यांच्या हातून, ओच्यातल्या फांदीवरून या कुंपणावरून त्या कुंपणावर गेले, ते मुळात सहज लागणारेच होते. न लागणारे वाटेतच संपले. औषध लागतं ते आळशांना, आणि हट्टी पिवळ्याला तेही पुरत नाही. मी हे अप्पांना सांगून पाहिलं. त्यांनी वही उघडून दाखवली. ‘कोरी : दहापैकी आठ. आयबीए : दहापैकी नऊ.’ नवाखाली दोनदा रेघ मारली होती. ‘एक जीव वाचला ना?’ ते म्हणाले. यावर काय बोलणार?

मग येतो वाट बघण्याचा काळ. कुंड्यांवर अर्ध्या कापलेल्या पाण्याच्या बाटल्या उपड्या, आतून दव जमलेलं. दहा-पंधरा दिवसांत पालवी फुटते आणि पाहुणे अभिनंदन करतात. अप्पा ते स्वीकारत नाहीत. काडीत साठलेल्या शिध्यावर पानं येतात, खाली मूळ असेलच असं नाही. शिधा संपला की एका दुपारी मान टाकतात. उपटून बघणाऱ्याला तर ते घरात घेत नाहीत, कारण पहिली मुळं केसाएवढी असतात, एवढ्याशा हिसक्यानेही तुटतात. म्हणून काही काड्या पारदर्शक ग्लासात लावलेल्या, ग्लासाला काळ्या कागदाचा झगा. रोज पहाटे झगा उचलायचा, टॉर्च मारायचा, झगा खाली. आधी बुडाशी मळकट पांढरी गाठ दिसते, कॅलस. तिच्यातून काही आठवड्यांनी मूळ. पहाटे सहाला फोन वाजला की आमच्याकडे कोणी घाबरत नाही. ‘फुटलं!’ एवढंच बोलून ते ठेवून देतात, कारण अजून पुष्कळांना कळवायचं असतं.

एवढं करून लागलेल्या रोपाचं काय? वाटून टाकतात. मोठ्या कुंडीत जाऊन नव्या फुटव्याला कळी धरली की अप्पांचं लक्ष उडतं. कळी खुडतात, ‘आत्ता ताकद मुळात जाऊ दे,’ आणि रोप कोणाच्या तरी गळ्यात मारतात. एक जात निदान तीन घरांत असली म्हणजे झोप लागते, असं त्यांचं गणित. घरी जी आईझाडं ठेवलीत त्यांच्या फांद्या सतत कापलेल्या. त्यामुळे नाशकात ज्यांनी सर्वांत जास्त गुलाब लावले असतील, त्या अप्पांच्या घरी देवाला गुलाब विकत आणावा लागतो. काकू रविवार कारंज्यावरून पुडा आणतात आणि अप्पा त्यातली दांडी हातात घेऊन म्हणतात, ‘ही नाही लागायची.’

मुलाकडे ह्यूस्टनला गेले होते तेव्हा काकूंना वाटलं, सहा महिने सुटका. पण टेक्सासात १९८० च्या दशकापासून ‘रोझ रसलर्स’ म्हणवणारी मंडळी आहेत. जुन्या दफनभूमी, पडकी शेतघरं, रस्त्यांच्या कडा धुंडाळत ती नाव हरवलेल्या गुलाबांच्या फांद्या गोळा करतात. मूळ नाव सापडेपर्यंत गुलाबाला जागेचं नाव. ‘हायवे २९० पिंक बटन्स’ नावाचा एक गुलाब खरोखर आहे. अप्पांना आपली जात सापडली. सून लाजेने गाडीत बसून राहायची आणि अप्पा कबरींमधून चष्मा वर करून फिरायचे. येताना मात्र एक काडीही आणली नाही. परदेशी रोपाला परवाना आणि तपासणी लागते, हा कायदा त्यांनी विमानात बसण्याआधी वाचला होता. कस्टमवाल्याने विचारलं, ‘काही आणलंय?’ ‘नाही आणलं,’ अप्पा इतक्या दुःखाने म्हणाले, की त्याने बॅग उघडायला लावली. तिथून आणली ती फक्त नामकरणाची पद्धत. त्यांच्या वहीत आता ‘त्र्यंबक रोड पेट्रोलपंप पांढरा’ नावाचा गुलाब आहे.

सध्या आमची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. परवा बिल्डरची माणसं आली, सभा भरली. कोणी कार्पेट एरिया विचारला, कोणी कॉर्पस, कोणी दोन गाड्यांचं पार्किंग. चौथ्या मजल्यावरचे दोन भाऊ तर तिथेच भांडले. अप्पांनी शांतपणे हात वर केला. त्यांना फक्त पाडकामाची तारीख हवी होती.

‘डिसेंबरमध्ये सुरू करू, काका.’

‘डिसेंबर नको. थंडीत मुळं धरत नाहीत. निफाडचा पारा बघताय ना कुठे जातो? पावसाळ्यानंतर छाटणी, मग दोन महिने, मग कुंड्या हलवायला पंधरा दिवस. फेब्रुवारीचा शेवट धरा.’

बिल्डरच्या माणसाने सेक्रेटरींकडे पाहिलं, सेक्रेटरींनी छताकडे. मग काय वाटलं कोण जाणे, त्या माणसाने ते डायरीत लिहून घेतलं आणि दबक्या आवाजात विचारलं, ‘काका, आमच्या आईचा एक गुलाब आहे सिन्नरला. घर पडायला झालंय.’

‘फूल पडलंय का?’ अप्पांनी खिसा चाचपला.